फळीवरचा कडेचा डबा

साखरपुड्याच्या कार्यात कोठीवर बसवायचा माणूस फार पारखून घ्यावा लागतो. तो घरचा हवा, पण घरातल्या कुणाच्या भिडेला बळी पडणारा नको. त्याला गोडाचा नाद नसावा, दुपारच्या झोपेची सवय नसावी, आणि मुख्य म्हणजे मांडवात त्याच्यावाचून कुणाचे काही अडता कामा नये. तेजश्रीच्या साखरपुड्याला या साऱ्या कसोट्यांना उतरणारा एकच माणूस केडगावात निघाला, आणि तो तिचा सख्खा थोरला भाऊ होता.

"स्वराजला दारात पाव्हण्यांच्या स्वागताला उभा केला, तरी घटकाभरानं तो कनातीमागंच सापडंल," सोपानमामा बैठकीत म्हणाले. "त्यापरीस आधीच कनातीमागं बसवा की."

स्वराजला त्यात अपमान वाटला नाही. गर्दीत त्याला नेहमीच आपण चुकून दुसऱ्याच्या पंगतीत बसलो आहोत असे वाटत असे. कोठी म्हणजे मंगल कार्यालयाच्या स्टेजमागची एक लांबट खोली. साखरेच्या गोणीपासून सुपारीच्या पुडीपर्यंत कार्याला लागणारे सारे तिथे ठेवलेले. उंचावर जाळीची एक खिडकी होती आणि तिच्यातून उतरलेला उन्हाचा तिरपा पट्टा जिलेबीच्या परातींवरून सरकत सावकाश फळ्यांवर चढत होता. अशा खोलीत एक अख्खा दिवस मिळणे हे त्याच्या लेखी भाग्यच होते. त्याने कोपऱ्यात खुर्ची ओढली आणि मांडीवर लॅपटॉप उघडला.

"आजच्या दिवशी तरी ते मिटव की," मामा म्हणाले. "आन् मला एक सांग भाच्या, तू दिवसभर त्यात करतो काय नक्की? शिरूरच्या पाव्हण्यांनी इचारलं तर सांगाया नको?"

"झाकतो," स्वराज म्हणाला.

"काय झाकतो?"

आपले काम कुणी विचारले की त्याला आपण एखादे पुसट स्वप्न सांगायला बसलो आहोत असे वाटे. "मामा, नेटवर्कच्या कार्डावरून माहितीचे तुकडे येतात. सेकंदाला कोट्यवधी. ते उचलून ज्याला हवेत त्याच्या प्रोग्रामला द्यायचं काम आमची लायब्ररी करते, म्हणजे आमच्या कंपनीचा तयार कोड. वेग कमी पडू नये म्हणून जुन्या लोकांनी तिची आतली मांडणी उघडीच ठेवली होती. दारात येऊन मागायचं नाही. सरळ आत हात घालायचा आणि उचलायचं. बाहेरच्या कंपन्यांनी सगळं तसंच लिहून ठेवलंय, की अमुक वस्तू डावीकडून तिसरी. आता आम्ही आत एक वस्तू जरी सरकवली, तरी कुणाच्या तरी हाताला भलतंच लागतं."

"मग?"

"मग आतलं सगळं पडद्याआड न्यायचं. बाहेर फक्त ठरलेल्या खिडक्या. काय पाहिजे ते नाव घेऊन मागा, मिळेल. कुठं ठेवलंय ते आमचं आम्ही बघू."

"आन् वेगाचं काय? खिडकीला रांग लागंल की."

स्वराजने चमकून मामांकडे पाहिले. हा प्रश्न कंपनीत साऱ्यांना सुचायला एक महिना लागला होता. "जे सारखंच लागतं, तेवढं एका पट्टीवर बाहेर मांडून ठेवायचं. ते न विचारता उचला."

मामांनी पानाची पिचकारी बाहेर टाकली आणि सभोवार नजर फिरवली. "म्हंजी कोठीच की ही," ते म्हणाले आणि वाढप्यांना ओरडायला निघून गेले.

तेवढ्यात पुण्याहून अंकिताचा संदेश आला. अंकिता त्याच्या कामाची तपासणी करणारी वरिष्ठ. तिचे प्रश्न थोडके असत आणि उत्तर देताना घाम फोडत. "तुझा बदल आज आत घेतेय. बाहेरून थेट आत हात घालणारा एकही प्रोग्राम उरलेला नाही ना? नक्की?"

"नक्की," स्वराजने लिहिले.

मग त्याने मान वर केली, तर कोठीत बाहेरची सात-आठ माणसे होती. एक चुलतभाऊ परातीतून जिलेबी उचलून "आमच्या वाडीच्या पाव्हण्यांना" म्हणत पातेले भरत होता. दोन काकू सुपाऱ्या निवडत गप्पांना बसल्या होत्या. धुरपदाआत्या, त्याच्या वडिलांची थोरली बहीण, फळ्यांशी काही तरी खुडबुड करून पदराला हात पुसत बाहेर पडत होती. तिच्यामागून पार्वतीबाई निघाल्या. त्या नवरदेवाची आई. शिरूरची बाकी मंडळी न्हावऱ्याजवळ टायर पंक्चर होऊन अडकली होती. पार्वतीबाई तेवढ्या दोन बायकांना घेऊन पुढच्या गाडीने सकाळीच पोहोचल्या होत्या. स्वराजशी नजरानजर होताच त्यांनी पदराचे टोक ओठांवर दाबले आणि लगबगीने निघून गेल्या. वरपक्षाची माणसे कोठीत डोकावतातच. त्याला त्यात वावगे वाटले नाही. वावगे वाटत होते ते परातीकडे पाहून. उन्हाचा पट्टा सरकण्याआधीच जिलेबीचा एक थर नाहीसा झाला होता.

गेल्या वर्षी थोरल्या चुलत्यांच्या घरच्या साखरपुड्यात वरपक्षाची पंगत बसण्याआधीच गुलाबजाम संपले होते. ते गुलाबजाम अजून संपायचे थांबले नव्हते. भावकीतल्या प्रत्येक कार्यात ते नव्याने संपत. पहाटे मेंदी बघत बसलेली तेजश्री त्याला म्हणाली होती, "दादा, बाकी मला काही नको. फक्त त्या गुलाबजामासारखं माझ्या नावाला काही चिकटू देऊ नको. तुमचं काय, तुम्ही विसराल. मला जन्मभर शिरूरला ऐकावं लागंल."

ती असे काही मागणाऱ्यांतली नव्हती. स्वराजने लॅपटॉप मिटला.

पुढचे काम त्याने जवळजवळ आनंदात केले. मागचे दार कडी घालून बंद केले. पुढच्या दारात आडवे टेबल लावले आणि वरून हिरवी कनात सोडली, फक्त हातभर फट ठेवून. आत बसलेल्या सगळ्यांना तो इतक्या हळू आवाजात "जरा बाहेर बसता का" म्हणाला, की कुणाला नाही म्हणायला काही सापडलेच नाही. टेबलाबाहेर त्याने एक चौरंग ठेवला. त्यावर पत्रावळी, पाण्याचे ग्लास, लिंबाच्या फोडी आणि मीठ. हे सारखे लागणारे. न विचारता उचला. बाकी सगळे खिडकीवर, नाव घेऊन.

आणि मग तो आतल्या मांडणीकडे वळला. आता ती त्याची एकट्याची होती. बाहेरच्यांना तिच्याशी कर्तव्य उरले नव्हते. त्याने परात खाली आणली, पोती भिंतीशी लावली, डबे उंचीप्रमाणे ओळीत मांडले. वेगवेगळ्या फळ्यांवर त्याला तीन लहान स्टीलचे डबे सापडले, अगदी सारख्या घडणीचे, एकाच दुकानातून आलेले. एक उघडून पाहिला, मीठ होते. त्यातले दोन त्याने बाहेर चौरंगावर ठेवले आणि एक राखीव म्हणून डावीकडच्या फळीवर कडेला. खोली आता शांत, नेटकी दिसत होती. एखादी ओळ अनेकदा खोडून शेवटी जमावी तशी.

पहिला आक्षेप फोटोग्राफरचा आला.

"भाऊ, माझी बॅटरी आत चार्जिंगला लावलीय."

"देतो की." स्वराजने बॅटरी पुढे केली.

"बॅटरी काय करू घेऊन? मला करंट पायजे!"

स्वराजने टेबलाखालून एक वायर बाहेर सोडली. फोटोग्राफरच्या मागे आनंदरावआबा उभे होते. आबा म्हणजे चुलत आजोबा. कुठल्याही कार्यात साखरेच्या गोणीला टेकून डोळा लावण्याची त्यांची जुनी वहिवाट.

"काय पाहिजे आबा?"

"गोणी."

"साखर किती हवी?"

"साखर नगं रं. गोणी. पाठ टेकाया."

दोघांनी मिळून गोणी टेबलावरून बाहेर काढली. आबा कनातीला लागूनच तिला टेकून पसरले, त्यामुळे खिडकीपाशी येणाऱ्याला त्यांचे पाय ओलांडावे लागू लागले. मग त्या दोन काकू आल्या आणि उभ्याच राहिल्या.

"काय देऊ काकू?"

"आम्हाला काई नको रं. आम्ही नुसत्या येऊन बसतो कोठीत, कवापासनं."

"पण काही तरी मागा ना."

"काय मागू? वाईच गप्पा दे म्हणू?" धाकट्या काकू म्हणाल्या, आणि दोघी हसत हसत खिडकीलाच ठाण मांडून बसल्या.

आपण झाकलेल्या खोलीत सामानाखेरीज इतके काही ठेवलेले होते याची स्वराजला कल्पना नव्हती. कुणाची सावली, कुणाची पाठ, कुणाचा विसावा. पण जिलेबी जागची हलली नव्हती, आणि आज महत्त्व तिला होते. शिरूरची गाडी पोहोचली. गावातल्या, कुरकुंभच्या कंपन्यांत दुपारच्या पाळीला जाणाऱ्या मंडळींची घाई होती, म्हणून त्यांची पंगत बाजूच्या पत्र्याखाली आधीच बसवली आणि इकडे स्टेजवर विधी सुरू झाला. मामांनी फटीतून परातीवर एक नजर टाकली. "आरं, नुसतं झाकलं तर एवढं उरतं? थोरल्यांच्या कार्यात तूच का न्हाई बसला?"

स्वराजच्या कानांच्या पाळ्या तापल्या. कनातीच्या दुसऱ्या टोकाला एक फट होती. तिच्यातून स्टेज दिसत असे. मोरपंखी साडीतली तेजश्री पाटावर बसली होती. समोर विक्रम, शिरूरला ठिबक सिंचनाचे दुकान चालवणारा, फेटा सारखा करत होता. गुरुजी म्हणाले, "आता अंगठ्या काढा."

धुरपदाआत्या ओटीचे ताट मांडीवर घेऊन बसली होती, तिला उठता येण्याजोगे नव्हते. तिने मामांच्या कानाशी काही सांगितले आणि मामा खिडकीवर आले.

"डावीकडच्या फळीवरचा कडेचा डबा दे. ल्हानगा, स्टीलचा."

"मामा, जागा सांगू नका. काय हवंय ते सांगा."

"मला काय म्हाईत आत काय हाय? आत्यानं डबा सांगितला, डबा दे!"

"पण त्यात काय—"

"आरं बाबा, गुरुजी तोंडाकडं बघत बसल्यात!"

इथे स्वराजचे तत्त्व क्षणभर अडले. आत्याने डब्यात काय आहे ते झाकले होते आणि त्याने डबा कुठे आहे ते झाकले होते. दोघांच्या पडद्यांच्या मधे मामा हात पसरून उभे होते. डावीकडच्या फळीवर, कडेला, एक लहान स्टीलचा डबा होताच. त्याने तो दिला.

आत्याने डबा ताटात ठेवला, शिरूरच्या बायकांकडे पाहून प्रसन्न हसली आणि झाकण काढले. आत काळी, बारीक भुकटी होती.

मिसरी. भाजलेल्या तंबाखूची, दातांना लावायची मिसरी. वास फटीतून स्वराजपर्यंत पोहोचला. गुरुजींनी चष्मा वर केला. पार्वतीबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग असा उतरला, की शेजारच्या बाईने त्यांना पंख्याने वारा घालायला घेतला.

धुरपदाआत्याने साठ पावसाळे काढले होते, ते असल्याच प्रसंगांसाठी. तिने पापणीही न लववता चिमूट उचलली आणि विक्रमच्या कानामागे एक ठिपका लावला.

"नजर," ती म्हणाली. "आधी नवरदेवाची नजर काढायची आसती."

"असा विधी..." गुरुजी पोथी चाळू लागले.

"आमच्यात आसतो."

यापुढे जगात कुणालाच काही बोलता येत नाही. शिरूरकडच्या एक आजी कौतुकाने म्हणाल्या, "आमच्यात न्हवता, पर चांगला हाय. माझ्या नातवालाबी लावा." मागून दुसऱ्या बाईने कडेवरचे पोर पुढे केले. बघता बघता रांग लागली. आत्याने नवरीला लावले, करवलीला लावले, मग पार्वतीबाईंना लावले. त्या डोळे मिटून, श्वास रोखून बसून राहिल्या. विक्रम एकदा शिंकला, दुसऱ्यांदा शिंकला, आणि म्हणाला, "वास वळखीचा वाटतोय." तेजश्रीने मान किंचित वळवून थेट कनातीच्या फटीकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर स्वराजला बरे वाटले असते.

मामा पुन्हा धावत आले, आबांच्या पायांना अडखळून टेबलावर आदळले. "आरं, अंगठी! नवरदेवाची अंगठी! कपाटात ठिवली तर चोराला आधी तेच सापडतं म्हणून आत्यानं मिठाच्या डब्यात पुरलीया. कडेच्या डब्यात!"

कडेचा डबा तिथे त्यानेच आणला होता. म्हणजे आत्याचा डबा बाहेर गेला. त्याने कनात बाजूला सारून चौरंगाकडे पाहिले. पत्रावळी होत्या, लिंबे होती. मिठाचे दोन्ही डबे नव्हते.

"वाढपी पंगतीत घेऊन गेले असणार," तो म्हणाला.

"कुरकुंभच्या पंगतीत?" मामा मटकन खाली बसले. "त्यांची बस भरायची येळ झाली. जेवून हात धुतील आन् पत्रावळ फेकून पळतील!"

आणि जो माणूस कुणाला वाट विचारावी लागू नये म्हणून लांबच्या रस्त्याने जात असे, तो पंगतीत शिरला. एक डबा वाढप्याच्या हातात सापडला. त्याने तळापर्यंत बोटे फिरवली, नुसते मीठ. दुसरा कुठे आहे ते वाढप्याला ठाऊक नव्हते. दुसऱ्या डब्यातलेही वाढून झाले असेल तर अंगठी आता कुणाच्या तरी पत्रावळीवर, डाव्या कोपऱ्यातल्या मिठाच्या ढिगात होती. स्वराज पहिल्या माणसासमोर वाकला. काय विचारावे? खरे विचारले तर मांडवभर बोभाटा होणार होता.

"मीठ... मीठ बरोबर आहे ना?"

"बरोबर हाय की."

तो पुढच्यासमोर वाकला. "मीठ बरोबर आहे ना?" त्याची नजर ढिगावर. मग त्याच्या पुढच्यासमोर.

"मीठ बरोबर हाय, जिलेबी वाढा!" कुणी तरी म्हणाले. कंपनीतल्या कुणाबरोबर आलेला एक परप्रांतीय तरुण मनापासून उत्तरला, "नमक ठीक है भैया, मिर्ची थोड़ी ज़्यादा है." ओळीच्या शेवटी, वयाकडे पाहून आधीच जेवायला बसवलेले शिरूरचे दोन म्हातारे पाव्हणे एकमेकांना सांगत होते, "नवरीचा भाऊ हाय. एकेकाला मीठ इचारत फिरतोय. आसली आदब आता कुठं ऱ्हायली?" स्वराजच्या कानावर ते पडले आणि त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे वाटले. मिठाचे सारे ढीग पाहून झाले होते. अंगठी नव्हती. पंगत उठू लागली. पत्र्याबाहेर पिवळी बस हॉर्न देत होती.

तो कोठीच्या टेबलापाशी परतला तेव्हा त्याला काहीच ऐकू येत नव्हते. मांडवातला ताशाही नाही. त्याच्या डोळ्यांपुढे तेजश्री होती, वर्षानुवर्षे कुठल्या कुठल्या कार्यात मान खाली घालून एक अंगठी हरवल्याची गोष्ट ऐकणारी.

"बाळा, वाईच आत येऊ का?"

पार्वतीबाई होत्या. पाण्याचे निमित्त करून उठल्या असाव्यात. कानामागे काळा ठिपका. स्वराजने टेबलाकडे पाहिले, कनातीकडे पाहिले, आणि त्या दिवसात प्रथमच टेबल बाजूला सरकवले.

आत आल्यावर त्यांनी पदराआडून एक लहान स्टीलचा डबा काढला. "मघाशी हा त्या चौरंगावरनं उचलला. म्हणलं माझाच बाहीर ठिवलाय कुणीतरी. उघडला तर मीठ." त्या थांबल्या. "माझ्यात... मीठ न्हवतं."

"काय होतं" हे शब्द स्वराजच्या ओठांपर्यंत आले आणि तिथेच विरले. त्याला सकाळी ओठांवर दाबलेले पदराचे टोक आठवले.

"विक्रमला सबूद दिलाय मी," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "दिवाळीपासनं सोडली म्हणून. सोडलीच हाय. पर आज पोराचं कार्य. जीव थाऱ्यावर नव्हता रं. आन् तुमची ही फळी दिसली. म्हणलं, डब्यांत डबा कुणाच्या डोळ्यावर येतोय?"

स्वराजने डबा घेतला आणि दोन बोटे मिठात खुपसली. खाली, अगदी तळाशी, काही तरी गोल आणि थंड लागले. त्याने ते बाहेर काढले, शर्टाला पुसले. जाळीतून येणारे ऊन नेमके त्या वेळी तिथवर चढलेले होते.

"अगं बया," पार्वतीबाई म्हणाल्या. मग त्यांचा हात आपोआप कानामागे गेला. "म्हंजी आत्याबाई मघापासनं समद्यांना लावत बसल्यात, ती..."

"हो."

"तरीच. म्हणलं, माझ्या कानाला माझा वास कुठनं यायला लागला?"

दोघेही एकमेकांकडे पाहत राहिले. आणि मग दोन लाजाळू माणसे जितक्या कमी आवाजात हसू शकतात तितक्या कमी आवाजात हसली.

"आण हिकडं," पार्वतीबाई म्हणाल्या. "मीच नेते. नवरदेवाची आई आली तर कोण इचारतंय कुठनं आली?"

फटीतून त्याने पाहिले. पार्वतीबाई शांतपणे स्टेजवर चढल्या, आत्याशेजारी बसल्या आणि पदराखालून मूठ तिच्या हातात उघडली. आत्याने तळहाताकडे पाहिले. मग विहिणीच्या तोंडाकडे. मग मांडीवरच्या ताटातल्या, एव्हाना तळ दिसू लागलेल्या मिसरीच्या डब्याकडे. तिने हळूच त्याचे झाकण लावले.

"झाली नजर," ती मोठ्याने म्हणाली. "हं गुरुजी, घ्या अंगठी."

तेजश्रीने विक्रमच्या बोटात अंगठी घातली. तिच्यावर एक मिठाचा कण राहिला असावा. तो क्षणभर चमकला. विक्रम शिंकला. टाळ्या झाल्या. वरपक्षाची पंगत बसली, जिलेबी सगळ्यांना पुरली, काहींना आग्रहाने पुन्हा वाढली, आणि दोन पराती उरल्या. शिरूरचे ते दोन म्हातारे जाणाऱ्या-येणाऱ्याला स्वराज दाखवत होते.

फोन थरथरला. अंकिता. "एक प्रोग्राम बंद पडला. आपलं वेग मोजायचं जुनं टूल. खिडकी सोडून सरळ आत हात घालतंय आणि डावीकडून तिसरं उचलतंय. लेखकाचं नाव बघ."

स्वराजने पाहिले. नोकरीला लागला त्या वर्षी त्यानेच ते लिहिले होते.

"बघितलं," त्याने लिहिले. "सकाळी 'नक्की' म्हणालो ते घाईनं. सोमवारी जे जे ही लायब्ररी वापरतात त्यांना एकेकाला फोन करतो. कुणाचं काय आत राहिलंय ते विचारतो."

मग उत्तर आले. "तू? फोन?"

संध्याकाळी शिरूरच्या गाड्या निघायच्या झाल्या. उन्हाचा पट्टा केव्हाच विझला होता. स्वराज रिकाम्या पराती एकात एक घालत होता, तेव्हा धुरपदाआत्या आत आली. तिने गणपतीच्या फोटोमागे हात घातला, तिथून एक लहान स्टीलचा डबा काढला आणि त्याच्या हातात ठेवला.

"हा विहीणबाईंना नेऊन दे. म्हणावं, न्यायचा राहिला व्हता."

डबा हलका होता, आणि आत काही तरी भुसभुशीत हलत होते. स्वराजने आत्याकडे पाहिले. तिच्या हसण्यात दातांच्या कडा किंचित काळसर होत्या. लहानपणापासून पाहत आलेल्या. त्याने कधी त्यांच्याबद्दल विचारलेच नव्हते.

"आत्या, हा तुझा—"

"नाव घेतलं तेवढं द्यायचं. आत काय हाय ते इचारू नये. तुझीच रीत ना?"

पार्वतीबाई गाडीत बसल्या होत्या, शेजारी विक्रम. स्वराजने खिडकीतून डबा पुढे केला. "मावशी, तुमचा डबा."

"काय हाय गं त्यात?" विक्रमने विचारले.

पार्वतीबाईंनी डबा तळहातावर तोलला. झाकण काढले नाही. दारात उभ्या असलेल्या आत्याकडे त्यांनी एकदा पाहिले, मग स्वराजकडे.

"मीठ," त्या म्हणाल्या. "बरोबर हाय हो."